वाशीचं स्थळ

माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा दोन्ही घरची माणसं हाकेच्या अंतरावर बसून चिवडा खात होती. येडशीच्या रामलिंगाला, भर दुपारी. काय मोडलंय याचा त्यांच्यातल्या कुणालाच पत्ता नव्हता.

मी तेव्हा उमरग्यात, हायवेलगतच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला होते. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट टाइप करायचे. अप्पांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. घरात अप्पा, आई, धाकटे काका, काकू आणि आत्या. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ती तरुणपणीच सासरहून परत आली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं नांदवलं नाही, एवढंच आम्हाला सांगितलेलं. तिच्या हातच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सगळ्या गल्लीला माहीत होती. तिच्या संसाराबद्दल मात्र गल्लीत कुणी बोलत नसे आणि घरातही नाही.

वाशीचं स्थळ आमच्या घराण्याच्या गुरूंनी, जंगम स्वामींनी आणलं. वाशी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, उत्तरेकडचं तालुक्याचं गाव. घर आमच्याच समाजातलं. मुलाचं बोअरच्या मोटारी विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान, डिप्लोमा झालेला, बोलायला मऊ. बघायला आले तेव्हा त्यानं मला एकच विचारलं, "लग्नानंतर काम चालू ठेवणार का?" मी हो म्हटल्यावर म्हणाला, "ठेवा. आमच्याकडं चांगली लॅब नाही. लोकांना साध्या तपासणीला बार्शीला जावं लागतंय." मला तो आवडला. खरंच आवडला होता. आज हे सांगताना मला काही वाटत नाही.

साखरपुडा झाला. नंतर तो अधूनमधून फोन करायचा. व्होल्टेज कमी असलं की मोटारी कशा जळतात, हे सांगायचा. जेवलात का, विचारायचा. मैत्रिणी म्हणायच्या, कसला गं तुझा नवरा, मोटारींवर बोलतोय. मी म्हणायचे, लाजतोय.

बस्ता बांधायला आम्ही दोन्ही घरचे धाराशिवला जमलो. आम्हाला आणि त्यांना, दोघांनाही ते मधलं पडत होतं. दुकानात शालूंचा ढीग पडला होता. मी दोन शालू हातात धरून त्याला विचारलं, "मोरपंखी घेऊ का जांभळा?" तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला आवडेल तो." दोन्हीकडच्या आया हसल्या. खरेदी आटोपल्यावर त्याची आई म्हणाली, एवढं आलोच आहोत तर येडशीला रामलिंगाचं दर्शन घेऊन जाऊ, जोडीनं.

दर्शन झालं. मोठी माणसं झाडाखाली सतरंजी टाकून बसली. त्याची आई आम्हाला म्हणाली, "जावा की, पाणी बघून या दोघं." आम्ही ओढ्याच्या काठानं थोडं पुढं गेलो. पाणी फारसं नव्हतंच. दगडांवर माकडं बसली होती. तो थांबला.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला. "ऐकताना माझ्याकडं बघू नका. पाण्याकडं बघा. आई बघायलीय."

लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात काय येणार? आधी वाटलं एचआयव्ही. मग वाटलं किडनी. मी मनातल्या मनात तपासण्यांची नावं घेत पाण्याकडं बघत राहिले.

"मला बायकांविषयी तसं काही वाटत नाही," तो म्हणाला. "कधीच वाटलं नाही. मला पुरुष आवडतात."

मला शब्द कळले, पण ते माझ्याशी कसे जोडायचे ते कळेना. तेवढ्यात मागून त्याच्या आईची हाक आली, "हिकडं बघा रे दोघं! जरा जवळ व्हा की!" त्या मोबाईल धरून उभ्या होत्या. आम्ही वळलो. तो माझ्याजवळ सरकला, मी हसले. तो फोटो पुढं कितीतरी दिवस त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लावलेला होता. त्यात मी इतकी चांगली हसले आहे की माझं मलाच नवल वाटतं.

पुन्हा पाण्याकडं तोंड करून मी विचारलं, "मग साखरपुडा कशाला केलात?"

"वाटलं, निभावेल. आमचे काका म्हणले, लग्न झालं की सगळ्यांचं सुरळीत होतंय. मीबी तसंच धरून चाललो होतो. पण सकाळी तुम्ही विचारलंत, मोरपंखी का जांभळा..." तो थांबला. "तुम्ही जन्मभर मला असं हौसेनं विचारत राहणार, आणि मी जन्मभर 'तुम्हाला आवडेल तो' म्हणत राहणार. माझ्यानं होणार नाही ते."

"आता तर कोर्टानं सांगितलंय ना, गुन्हा नाही म्हणून?" मी म्हणाले. आदल्याच वर्षी ती बातमी आली होती. आमच्या दवाखान्यात दिवसभर त्यावर विनोद चालले होते आणि मीही हसले होते.

"कोर्ट दिल्लीत आहे," तो म्हणाला. "मी वाशीत राहतो."

त्याचं म्हणणं एवढंच होतं की मी नकार द्यावा. काहीही कारण सांगावं. मुलगा दारू पितो म्हणावं, रागीट आहे म्हणावं. "तुम्हीच का नाही म्हणत?" असं मी विचारलं. तोवर झाडाखालून चहाला बोलावणं आलं. आम्ही जाऊन बसलो. त्याच्या आईनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

येताना गाडीत आईच्या मांडीवर शालूचा खोका होता. तिनं तो उमरग्यापर्यंत खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. अप्पा विभूती लावून नुकतेच पूजेवरून उठले होते. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांनी कारण विचारलं. दारू म्हणावं तर अप्पा वाशीला जाऊन चार लोकांना विचारून आले असते आणि मी खोटी पडले असते. खरं सांगावं तर ते दुसऱ्याच्या घरातलं, मी कोण सांगणारी? मी म्हणाले, "मन होत नाही."

मुलीच्या 'मन होत नाही'चा आमच्याकडं एकच अर्थ काढतात.

आधी आईनं विचारलं, मग काकूंनी, मग स्वामींनी. कोण आहे तो? दवाखान्यातलाच आहे का? आपल्यातला आहे का? काकांनी माझा फोन काढून घेतला आणि त्यातले सगळे नंबर एकेक करून लावले. आमच्या दवाखान्याच्या कंपाउंडरला ते थेट जाऊन भिडले. त्या बिचाऱ्याची मुलगी बारावीला होती. माझं कामावर जाणं बंद झालं. वाशीला आमच्या घरून काही कळवलं नव्हतं, तरी बातमी पोचलीच. तिकडून निरोप आला, मुलीचं बाहेर काही असेल तर आत्ताच सांगा. अप्पांनी उत्तर दिलं, तसलं काही नाही, लग्न ठरल्या तिथीलाच होणार. आणि ते कार्यालय नक्की करून आले.

त्यानंतर घरात कुणी माझ्याशी भांडलं नाही. मला सर्वात जास्त भीती त्याची वाटली. आई पाहुण्यांच्या आहेराचं बघत होती. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. माझ्यासमोर सगळं असं चाललं होतं, जणू मी काही बोललेच नव्हते.

आत्यानं मात्र काही विचारलं नव्हतं. एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर ती वर आली. कमरेशी खोचलेल्या साडीच्या केळातून आपला साधा बटणांचा फोन काढून माझ्या हातात दिला. "कुनाला लावायचा आसंल तर लाव," म्हणाली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसली.

मी वाशीला, त्यालाच लावला; नंबर पाठ होता. मागं मोटार चालल्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "तुमच्यापायी माझं नाव गेलं. कंपाउंडरचं गेलं. आता लग्नही लावायलेत. तुम्ही येऊन सांगा. नाहीतर मी सांगते." पलीकडची मोटार बंद झाली. मी फोन ठेवला. आत्यानं फोन घेतला आणि कुणाला लावलास म्हणूनही विचारलं नाही.

तो आला. रविवारी, जेवणं व्हायच्या आधी, एसटीनं, एकटा. जावई अचानक आला म्हणून आईची धांदल उडाली. अप्पांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मामा, चूक तुमच्या मुलीची नाही," तो म्हणाला. "तिचं कुठं काही नाही. मीच लग्नाला लायक नाही."

अप्पांनी मला आत जायला सांगितलं. मी दारातच उभी राहिले. तो बोलत गेला. येडशीला माझ्याशी जे बोलला तेच, तेवढ्याच साध्या शब्दांत. फरक एवढाच, की या वेळी तो ज्याच्याशी बोलत होता त्याच्या डोळ्याकडं बघत होता. आईला आधी काही समजलंच नाही. काकांना समजलं. ते उठले आणि त्यांनी त्याची कॉलर धरली.

"साखरपुड्यात मिरवताना कुठं गेलं हुतं रं हे? हां? आमच्या पोरीची इज्जत म्हंजे खेळ वाटला का?"

"मारा," तो म्हणाला. "पण लग्न मोडा."

अप्पांनी काकांचा हात सोडवला. "तुझ्या बापाला ठाऊक हाय हे?"

"नाही."

"लाव फोन. आत्ता. माझ्यासमोर सांग."

मला वाटलं तो आता पळेल. मी असते तर पळाले असते. त्यानं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडून "बोल रे" आलं. मागं गिऱ्हाइकाचा आवाज होता.

"दादा, मी उमरग्यात आहे. त्यांच्या घरी. हे लग्न मी मोडायलोय. मुलीचं काही नाही. मला बाईबरोबर संसार जमणार नाही. मी तसा नाही. लहानपणापासून नाही."

फोनवर पंख्याची घरघर ऐकू येत होती. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. मग त्याचे वडील म्हणाले, "घरी ये." फोन बंद झाला.

त्या दोन शब्दांचा अर्थ काय, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. तो मोबाईलकडं बघत राहिला. त्यालाही कळलं नसावं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली. हाताला ज्वारीचं पीठ तसंच होतं. मला वाटलं ती मध्ये पडून त्याला सोडवेल. तसं काही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर असा राग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"तुला हे कवापासून ठाऊक हाय?" तिनं त्याला विचारलं.

"शाळेत होतो तेव्हापासून, आत्या."

"मंजी लग्नाच्या आधी ठाऊक आसतंय."

"असतंय."

"आसतंय," ती म्हणाली आणि अप्पांकडं वळली. "ऐकलास का? आधी ठाऊक आसतंय. माझ्या नवऱ्याला बी ठाऊक हुतं. आन तुला? म्या तुला सांगितलं न्हवतं? तो माझ्याजवळ येत न्हाय, त्या दोस्तासंगं मळ्यात ऱ्हातो, मला हितंच ऱ्हाऊ दे म्हनून तुझ्या पाया पडले. तू काय म्हनलास? अक्का, जरा नीट ऱ्हा, नटून ऱ्हा, व्हईल सगळं. आन पुना नेऊन सोडलास. पुना पुना नेऊन सोडलास."

अप्पा खाली बघत होते.

"आता ह्या पोरीला सोडायला कोन जानार हाय? तूच का?"

आत्या पुन्हा त्या मुलाकडं वळली. मला वाटलं आता तरी काही बरं बोलेल. ती म्हणाली, "तुझं तोंड उघडलं. त्याचं का उघडलं न्हाय रं? त्याचं उघडलं आसतं तर माझा जन्म गेला नसता." त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं आशीर्वाद दिला नाही. पिठाचे हात तसेच अधांतरी धरून उभी राहिली, मग आत निघून गेली.

अप्पांनी त्याला म्हटलं, "जा बाबा तू." तो गेला. संध्याकाळी अप्पांनी स्वतः वाशीला फोन करून लग्न मोडल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कंपाउंडरच्या घरी जाऊन त्याची माफी मागून आले. काका गेले नाहीत.

पुढं कितीतरी दुपारी आत्या मला गच्चीवर पापड वाळवताना थोडं थोडं सांगत राहिली. नवरा वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही. तिला खोकला झाला तर दुरून औषध आणून उंबऱ्यात ठेवायचा. सासू मात्र मूल व्हावं म्हणून झाडपाल्याचा काढा पाजायची, उपास करायला लावायची. "मी प्यायचे," आत्या म्हणाली. "कडू जहर. कशानं व्हनार हुतं मूल? पन सांगू कसं? त्या गोष्टीला नावच न्हवतं गं आमच्याकडं. नाव नसल्याली गोष्ट सांगावी कशी?" सासरच्यांनी तिलाच वांझ ठरवून परत पाठवलं, आणि माहेरच्यांनी तेच नाव चालवलं. नवरा कित्येक वर्षांपूर्वीच वारला. त्याचं सुतक तिनं पाळलं होतं. का पाळलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्याला तरी कुठं नीट जगाया मिळालं?"

वाशीकडची बातमी तुकड्यातुकड्यानं यायची. 'घरी ये' म्हणणाऱ्या बापानं त्याला घरात घेतलं, पण त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला कुठल्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं सांगितलं हा आजारच नाही. मग कुठल्या महाराजाकडं नेलं. तिथून तो अर्ध्यातून निघून आला. गाव सोडून जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, पण तो गेला नाही. दुकानात बसत राहिला. लोक पाठीमागं बोलत आणि उन्हाळ्यात मोटारी जळल्या की त्याच्याचकडं घेऊन येत.

माझ्यासाठी पुन्हा स्थळं आली. साखरपुडा का मोडला, हे मी प्रत्येकाला खरं तेच सांगायचे. वाशीच्या त्या घराचं नाव तेवढं घ्यायचे नाही. काही जण तेवढ्यावर उठून गेले. एका मुलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं केलं त्यानं." त्याच्याशी माझं लग्न झालं. तो लोहाऱ्याच्या शाळेत शिकवतो.

मध्ये एकदा मी माहेरी आले होते. टीव्हीवर दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्या लग्नाचा कोर्टातला निकाल लागत होता. पूर्वी असलं काही लागलं की अप्पा चॅनल बदलायचे. त्या दिवशी रिमोट हातात धरून ऐकत बसले. लग्नाला मान्यता नाही, असं सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे गुन्हा न्हाय, आन लगीन बी न्हाय. मग त्यांनी करायचं काय?" प्रश्न मला होता की टीव्हीला, कळलं नाही. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं अप्पांकडं नुसतं बघितलं.

गेल्या वर्षी स्वामींच्या नातीचं लग्न उमरग्यात होतं. त्यांचे शिष्य सगळ्या जिल्ह्यातून आलेले. जेवणाच्या पंगतीत आमची माणसं बसली होती, आणि दारातून तो आला. सोबत त्याचे वडील, थकलेले, काठी टेकत. त्यांच्यामागं साधारण त्याच्याच वयाचा एक माणूस, म्हाताऱ्याच्या चपला हातात घेऊन. तो कोण, हे कुणी सांगितलं नाही. पण बघणाऱ्यांना कळलं. पंगतीतलं बोलणं एकदम बारीक झालं. माझी लहान मुलगी मांडीवर होती, तिला मी इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

काका ताटावरून उठले आणि हात धुवायला निघून गेले. त्यांच्या शेजारचेही दोघं उठले. वाशीचे तिघं दारातच थांबले. म्हातारे मागं वळायला लागले.

अप्पा पंगतीच्या टोकाला होते. ते थोडे सरकले, आणि त्यांनी शेजारच्या मोकळ्या पाटावर हात ठेवला. "या की, दादा," ते वाशीच्या म्हाताऱ्यांना म्हणाले. "उभं का ऱ्हायलात?" मग वाढप्याला मोठ्यानं हाक मारून सांगितलं, "हिकडं तीन पानं मांड रे."

म्हातारे बसले. तो बसला. तिसरा माणूस अजून उभाच होता, चपला कुठं ठेवाव्यात ते त्याला कळत नव्हतं. बायकांच्या पंगतीतून आत्या त्याला म्हणाली, "ठिव तिथं भिंतीला. कोन न्हेत न्हाय. बस, जेव आधी."